आधी वही काढा : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

गेल्या महिन्यात या पानावर मी जाता जाता लिहून गेले होते, की माझी सगळी वकिली व्यापारातल्या भांडणांची आहे. घटस्फोट, खून, शेताची वाटणी यांतलं मी काही चालवत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं काढली आहेत, कारण एकाचं येणं अजून अडकलेलं आहे.

मी लातूरला कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची. मला कंपन्यांचे, व्यापाराचे दावे चालवायचे आहेत. पण कॉलेजात सगळे म्हणतात, ते मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं काम. त्यात नेमकं करतात काय, हेही कोणी धड सांगत नाही. मला जमेल का?

तू प्रश्न बरोबर क्रमाने विचारलास. आधी काम काय ते बघू, मग जमेल का ते.

माझ्या वडिलांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं आडत दुकान होतं. शेतकऱ्याचा माल यायचा, सौदा व्हायचा, आडत-हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबाची पट्टी त्याच्या हातात पडायची. दुकानात वादावादी रोजची. पोती कमी भरली, भाव दुसराच ठरला होता, उचल कापली ती दोनदा कापली. आवाज कितीही चढला तरी आबा गादीवरून उठायचे नाहीत. दिवाणजींना एवढंच म्हणायचे, "वही काढा." लाल कापडाची खतावणी उघडायची, पानावरून बोट खाली सरकायचं आणि दहातली नऊ भांडणं त्या बोटाखालीच मिटायची. उरलेलं एक कोर्टात जायचं. मी गेली सत्तावीस वर्षं त्या उरलेल्या एकाचं काम करते आहे.

माल दिला, पैसे आले नाहीत. पैसे दिले, माल भलताच आला. वितरकाचा करार मध्येच मोडला. भागीदार भांडले. कंत्राटदाराचं शेवटचं बिल अडवलं. कोणी दुसऱ्याचं बोधचिन्ह आपल्या पुड्यावर छापलं. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यात अशा वादांची लांबलचक यादीच दिली आहे, जहाजावरच्या मालापासून विम्यापर्यंत. ती यादी एकदा सावकाश वाच. तुझ्या आजूबाजूच्या डाळमिलवाल्याचं, सोयाबीनच्या व्यापाऱ्याचं, बी-बियाणांच्या दुकानदाराचं भांडण त्यात कुठे ना कुठे बसतंच.

आता नवख्या वकिलाचा दिवस. सकाळी बोर्ड बघायचा, म्हणजे आज कुठल्या कोर्टात आपलं प्रकरण कितव्या नंबरवर आहे ते. फाइलीतल्या पानांवर नंबर टाकायचे. तारखांची यादी करायची: कोणत्या दिवशी ऑर्डर गेली, माल कधी निघाला, पहिली तक्रार कधी आली. सीनियरला लागणारे निकाल काढून द्यायचे. संध्याकाळी अशिलाबरोबर बैठक, तिथे कोपऱ्यात बसून सगळं लिहून घ्यायचं. सिनेमातला युक्तिवाद यात कुठेच नाही आणि पहिली दोन-तीन वर्षं कोर्टात तुझ्या तोंडून "पुढची तारीख द्यावी, माय लॉर्ड" यापलीकडे फारसं काही निघणार नाही. मुलं इथे कंटाळतात. त्यांना वाटतं हे कारकुनी काम. माझं मत अगदी उलट आहे, आणि का ते एका प्रकरणातून सांगते.

सुताच्या पुरवठ्याचं प्रकरण होतं. आमच्या अशिलाने सूत दिलं, समोरच्या कापड कारखानदाराने पैसे थांबवले. त्याचं म्हणणं, सूत तुटकं होतं आणि तशी तक्रार आम्ही तेव्हाच लेखी केली होती. पुरावा म्हणून त्यांनी ऑगस्ट २०१६ ची तारीख असलेलं पत्र लावलं. आमच्या अशिलाला ते पत्र मिळाल्याचं आठवत नव्हतं, पण "आठवत नाही" याला कोर्टात काय किंमत? मी ते पत्र चार वेळा वाचलं होतं. सीनियर काउन्सेलने वाचलं होतं. आणि पानांवर नंबर टाकत बसलेली माझी ज्युनिअर एक दिवस म्हणाली, "मॅडम, याच्या तळाशी जीएसटी नंबर आहे."

ती मुलगी उदगीरची. तुझ्याच जिल्ह्यातली, तुझ्यासारखीच मराठी शाळेतली.

जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. जुन्या व्यापाऱ्यांची नव्या नोंदणीत बदली करायचं काम महाराष्ट्रात सुरू झालं तेच मुळी नोव्हेंबर २०१६ मध्ये. ऑगस्ट २०१६ मध्ये तो नंबर कोणाकडे असणंच शक्य नव्हतं. पत्र मागाहून बनवलेलं होतं.

अशा दाव्यातली साक्ष बहुतेक वेळा न्यायाधीशांसमोर होत नाही. कोर्ट एक कमिशनर नेमतं आणि फोर्टातल्या एखाद्या कचेरीत, टेबलाभोवती बसून उलटतपास चालतो. टायपिस्ट प्रश्न-उत्तर उतरवत असतो. त्या दिवशी मी साक्षीदाराला विचारलं, हे पत्र तुमच्याच कचेरीत तयार झालं ना? हो. त्यावरची तारीख बरोबर? हो, बरोबर. आता लेटरहेडच्या तळाचा नंबर मोठ्याने वाचा. त्यांनी चष्मा लावला, "दोन, सात..." एवढं वाचलं आणि थांबले. सत्तावीस हा महाराष्ट्राचा आकडा, राज्यातला प्रत्येक जीएसटी नंबर त्यानेच सुरू होतो. टायपिस्टची बोटंही थांबली. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्यांनी काहीतरी खुलासा दिला असता, जुनं पत्र नव्या कागदावर पुन्हा छापलं वगैरे. पुढच्या तारखेच्या आधीच समोरून तडजोडीचा निरोप आला.

आता इंग्रजी. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे यायलाच हवी, त्यात सवलत नाही. पण लागते ती साधी, सरळ, चुका नसलेली इंग्रजी. रोज एक निकालपत्र घे आणि त्यातली वस्तुस्थितीची दोन पानं मोठ्याने वाच. मग पुस्तक मिटून तेच आपल्या शब्दांत दहा वाक्यांत लिही. वर्षभर हे केलंस तर कॉन्व्हेंटवाल्यांच्या बरोबरीने मसुदे लिहिशील. उच्चाराची काळजी सोड. जिल्हा न्यायालयांची भाषा तर मराठीच आहे. आणि व्यापाऱ्यांची जुनी कागदपत्रं, हातउसन्याच्या चिठ्ठ्या, वह्या मराठीत असतात. ते वाचून त्यातला डाव ओळखणारा वकील मुंबईत शोधावा लागतो.

एक काम आत्ताच कर. गावातल्या एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा सीएकडे सुट्टीत दोन महिने बस. ताळेबंद, लेजर, डेबिट नोट, ई-वे बिल हे हाताळायला शीक. कायद्याच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांना लेजरचं पान कुठल्या बाजूने वाचायचं ते ठाऊक नसतं.

माझी मुलगी मुंबईत एका वकिलांकडे ज्युनिअर आहे. दोन वर्षं झाली, महिना बारा हजार मिळतात. भांडुपला चौघी मिळून खोली घेऊन राहतात. अजून आम्हीच बारामतीहून पैसे पाठवतो. तिच्याबरोबरच्या इंजिनीअर मुली केव्हाच कमावत्या झाल्या. नातेवाईक विचारतात. हे कधी मार्गी लागणार, की तिला परत बोलवावं?

तुमचं पत्र वाचून मला आबांची मनीऑर्डर आठवली. मी ज्युनिअर असताना पहिली चार वर्षं ती दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला यायची, आणि सही करताना मला पोस्टमनकडे बघवायचं नाही. त्यामुळे तुमच्या मुलीला काय वाटत असेल ते मी जाणते.

खरं ते सांगते. खटले चालवणाऱ्या वकिलाला स्वतःच्या पायावर उभं राहायला पाच ते सात वर्षं लागतात. मोठ्या लॉ फर्ममध्ये पगार पहिल्या दिवसापासून बरा असतो, पण तिथे जागा थोड्या आणि कोर्टात उभं राहण्याची संधी उशिरा. सीनियरच्या चेंबरमध्ये पैसे कमी आणि शिकायला जास्त, असा आजवरचा समज. हा समज ज्युनिअरला राबवून घ्यायला सोयीचा आहे आणि मला तो मान्य नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती सक्ती नाही, शिफारसच आहे. तरी मुलीने सीनियरसमोर ते परिपत्रक ठेवून नम्रपणे बोलावं. ज्या व्यवसायात एका तारखेचे लाख-लाख रुपये घेतले जातात, तिथे पोरांनी वडापाववर दिवस काढावेत हे शोभत नाही. शिवाय यामुळे ज्यांच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत अशी हुशार मुलं वकिली सोडून जातात. माझ्या डोळ्यांदेखत किती गेली.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. परदेशातल्या एवढ्या पदव्या गाठीशी असूनही प्रकरणं हाती येत नव्हती, तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. त्यांच्या वाटेत जातीची भिंत होती, आपली अडचण तिच्यापुढे काहीच नाही. पण जोडीला दुसरं काम धरणं यात कमीपणा नाही, एवढं तुमच्या मुलीला जरूर सांगा. शिकवणं, भाषांतर, संशोधनाची फुटकळ कामं चालतात.

परत बोलवायचं की नाही हे पैशावरून ठरवू नका. तिला तीन गोष्टी विचारा. गेल्या सहा महिन्यांत तिने स्वतः किती मसुदे लिहिले? सीनियर तिला अशिलाच्या बैठकीला बसवतात का? एखादा लहानसा अर्ज तरी तिने एकटीने उभं राहून चालवला का? तिन्हींची उत्तरं नकारार्थी आली, तर शहर सोडायची गरज नाही, सीनियर सोडायची गरज आहे. आणि नातेवाइकांना सांगा, मुलगी हायकोर्टात वकील आहे.

गोकुळ शिरगावला माझी छोटी फाउंड्री आहे. पुण्याच्या एका कंपनीकडे कास्टिंगचे १८ लाख ४० हजार अडकलेत. शेवटचा माल जाऊन दोन वर्षं आठ महिने झाले. फोन केला की "देतो, देतो". आमचे वकील म्हणतात, थेट दावा लावता येत नाही, आधी मध्यस्थी. मला वाटतं ते वेळ काढतायत. अशा वेळी तुमच्यासारखा वकील काय करतो?

दादा, तुमचे वकील बरोबर सांगतायत. व्यापारी दाव्यात तातडीची मनाई वगैरे मागायची नसेल, तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. २०१८ च्या दुरुस्तीने हे कलम आलं आणि पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंधनकारक ठरवलं. थेट लावलेला दावा फेटाळला जातो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि तुमचा रस्ता मोकळा होतो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत. आणि तडजोड झालीच तर तिला लवादाच्या निवाड्याइतकं वजन असतं, नुसता कागद राहत नाही.

पण तुमच्या पत्रातलं मला घाबरवणारं वाक्य वेगळं आहे: दोन वर्षं आठ महिने. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. उधारीचे दिवस ठरलेले असतील तर ते संपल्यापासून, नाहीतर माल दिल्यापासून. आणि शेवटचा माल जाऊन दोन वर्षं आठ महिने झाले म्हणजे त्याआधीच्या बिलांची मुदत कदाचित आजच संपत आली असेल, कारण प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं चालतं. फोनवरचं "देतो" या घड्याळाला थांबवत नाही. थांबवते ती मुदतीच्या आत लिहून, सही करून दिलेली कबुली: "तुमचे अमुक इतके देणे आहे." तेव्हा हा अंक बाजूला ठेवून उद्या वकिलांकडे जा आणि अर्जाची पोच हातात घ्या.

मी काय केलं असतं? तुम्हाला तक्रार सांगू दिली नसती, आधी वही मागितली असती. प्रत्येक बिलासमोर खरेदी आदेश, माल पोचल्याचं चलन आणि त्यावरचा गेटचा शिक्का. तुमच्या धंद्यात रिजेक्शन असतंच, म्हणून त्यांनी परत पाठवलेल्या मालाच्या डेबिट नोटा. त्या तुम्हाला नकोशा वाटतील, पण मला त्या आधी बघायच्या असतात, कारण समोरचा वकील तिथूनच सुरुवात करणार. त्यांनी तुमच्या बिलावरचं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, घेतलंय का? घेतलं असेल, तर माल मिळाला नाही किंवा वाईट होता असं म्हणणं त्यांना फार जड जाईल.

फोनमधले व्हॉट्सॲप निरोप पुसू नका आणि तो फोन विकू नका. असे पुरावे लावताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. ते लागतंच, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादात.

आणखी एक. तुम्ही माल देण्याआधीच उद्यम नोंदणी केलेली असेल, तर लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याखालचा रस्ताही आहे. ४५ दिवसांच्या वर पैसे अडवले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तिथला निवाडा समोरच्याला आव्हानित करायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. कुठला रस्ता धरायचा हे तुमच्या कागदांवर ठरेल, वकिलांना विचारा. पण त्यांच्यावर संशय धरू नका. दावा फेटाळला जाण्यापेक्षा मध्यस्थीची खुर्ची केव्हाही बरी.

सोलापुरात बारा वर्षं दिवाणी वकिली करतो. व्यापारी दाव्यांकडे वळावंसं वाटतं. त्यासाठी मुंबईला यावं लागेल का?

वकीलसाहेब, पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. आता नाही. व्यापारी न्यायालयात जायची किमान रक्कम आधी एक कोटी होती, ती २०१८ मध्ये तीन लाखांवर आली. म्हणजे तुमच्या टॉवेल-चादरवाल्यांचे, यंत्रमागवाल्यांचे, साखर कारखान्याच्या पुरवठादारांचे वाद सगळे जिल्ह्यातच. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर त्यातच येतं. आमच्या सहा जिल्ह्यांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते तुम्हाला मी काय सांगावं.

मुक्काम बदलायची गरज नाही, पण सवयी बदलाव्या लागतील. साध्या दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, वर्ष-वर्ष लांबते. इथे ३० दिवस, फार तर कोर्टाने परवानगी दिली तर १२० दिवस. एकशेएकविसाव्या दिवशी प्रतिवादीचा हक्क गेला, न्यायाधीशांची कितीही इच्छा असली तरी. दुसरी सवय कागदपत्रांची. आपल्याकडे "उर्वरित दस्त पुढे दाखल करू" असं लिहायची पद्धत आहे. हे वाक्य तुमच्या डोक्यातून काढून टाका. व्यापारी दाव्यात जे जवळ आहे ते सगळं वादपत्राबरोबरच द्यायचं. नंतर द्यायचं तर आधी का दिलं नाही याचं पटेल असं कारण लागतं.

हे मी ठेच लागून शिकले. कायदा नवा होता, २०१६ साल. अशिलाने मालवाहतुकीच्या पावत्यांचा एक गठ्ठा दिला होता, तो माझ्याच कपाटात दुसऱ्या फाइलीखाली राहिला. जुन्या सवयीने वाटलं, पुराव्याच्या वेळी लावू. त्या वेळी परवानगी मागितली, न्यायाधीशांनी विचारलं, "हे कागद दावा लावताना कुठे होते?" मी खोटं सांगू शकत नव्हते. माझ्या कपाटात होते, म्हणाले. अर्ज नामंजूर झाला आणि अशिलाच्या दाव्यातली त्या मालापुरती रक्कम बुडाली. मी माझी फी परत केली, पण त्यांचं नुकसान त्याच्या कितीतरी पट होतं. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून दावा दाखल करायच्या आदल्या दिवशी मी अशिलासमोर बसून, त्याने दिलेल्या कागदांच्या पोचयादीवर एकेक खूण करून घेते. तुम्हीही पोचयादी ठेवा.

डोंबिवलीची आहे, वय ३४. मुलासाठी पाच वर्षं वकिली थांबवली. व्यापारी दाव्यांत बायकांना कोणी काम देतं का?

देतात, पण आपल्याहून कमी अनुभवाच्या पुरुषाला आधी देतात. हे अजून आहे आणि ते मी लपवणार नाही. बाईने वकिली करावी की नाही हाच प्रश्न कायद्याने मिटला तो १९२३ मध्ये. मुंबई हायकोर्टाला पहिली महिला न्यायाधीश मिळाली १९७८ मध्ये, न्या. सुजाता मनोहर. मधली पंचावन्न वर्षं लक्षात घ्या. तुम्ही पहिलं वर्ष कोर्टात उभं राहण्याच्या मागे लागू नका. मसुदे, लवादाची कामं, कागदांची छाननी धरा. ती घरून होतात आणि पैसे वेळेवर मिळतात. लवादाच्या तारखा आधी ठरतात, मुलाची शाळा सांभाळता येते. मधल्या पाच वर्षांत कायदा बराच बदललाय, तेवढा अभ्यास दोन महिन्यांत उरका. आणि जुन्या सीनियरना फोन करताना "काही काम असेल तर" म्हणू नका. "मी या सोमवारपासून सुरू करते आहे" असं म्हणा.

मी दापोलीला अकरावीत आहे. वकील व्हायचं म्हटलं की आजी म्हणते, वकिलाला खोटं बोलावं लागतं. खरं का?

आजीला माझा नमस्कार सांग. तिने पाहिलेले काही वकील तसे असतील.

व्यापारी दाव्यात अशिलाला एका सत्यकथनावर सही करावी लागते: मी लिहिलंय ते खरं आहे, मी काही दडवलेलं नाही. ते कोऱ्या कागदासारखं पुढे सरकवून सही घेणारे वकील आहेत. मी ते मराठीतून वाचून दाखवते, मग पेन देते. काही वर्षांपूर्वी एक मोठे व्यापारी समोरच्याचा माल अडवण्यासाठी तातडीची मनाई मागायला आले. फाइलीत त्यांनीच लिहिलेलं एक पत्र होतं, करार संपल्याचं त्यात कबूल केलेलं. ते म्हणाले, हे लावू नका. मी म्हटलं, लावल्याशिवाय मी उभी राहणार नाही. त्यांनी फाइल उचलली आणि गेले. त्या महिन्यात कचेरीचं भाडं द्यायला मला ओढाताण झाली. दुसरीकडे त्यांना मनाई मिळाली की नाही ते मी कधी विचारलं नाही.

तू एक कर. दिवाळीच्या सुट्टीआधी कधी मुंबईला आलास तर हायकोर्ट बघ. ओळखपत्र जवळ ठेव, फाटकावर विचारतात. कोर्टं सगळ्यांसाठी उघडी असतात. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला चालला ते सेंट्रल कोर्ट तिथेच आहे, दाराबाहेर त्यांचे शब्द कोरलेला संगमरवर आहे. तो वाचून झाला की व्यापारी दावे चालणाऱ्या कोर्टात मागच्या बाकावर तासभर बस. काही कळणार नाही. तरी बोलणाऱ्यांचे हात बघत राहा, कोणाचं बोट कागदावर आहे आणि कोणाचं हवेत. घरी गेल्यावर आजीला सांग, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.